दुकानाची वेबसाइट: माउसने ओढून-ठेवून करावी की कोड लिहून?

राजारामपुरी_वेबवाला (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात मार्केट यार्डातले एक गूळ व्यापारी माझ्याकडे आले. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पुतण्याने एका ऑनलाइन वेबसाइट बिल्डरवर (तयार ठोकळे माउसने ओढून पान करायची सेवा) साइट करून दिली होती. गुऱ्हाळाचे फोटो, गुळाच्या रव्यांची वजनं, भेटीचे डबे, सगळं व्यवस्थित होतं. पुतण्या पुण्याला गेला, कार्डाची मुदत संपली, फी थकली आणि साइट बंद पडली. पैसे भरल्यावर ती पुन्हा उघडली, पण आता त्यांना दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या दुसऱ्या भाड्याच्या जागेवर, जायचंय आणि साइट उचलून नेण्याची सोयच नाही. मी एकेक पान उघडून मजकूर कॉपी करतोय, एकेक फोटो उतरवून घेतोय.

यावरून माझं मत पक्कं झालंय. पाच-सहा पानांची साइट असेल तर ती सरळ एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या खुणांच्या भाषेत, लिहावी. लिहायला नोटपॅड प्लस प्लस फुकट आहे, व्हीएस कोड फुकट आहे. फाइल आपल्या कॉम्प्युटरवर, एक प्रत पेनड्राइव्हवर. होस्टिंगवाला पटला नाही तर फोल्डर उचलायचं आणि दुसरीकडे ठेवायचं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगासमोर ठेवलेल्या पहिल्या वेबसाइटची पानं आजच्या मोबाइलवरही उघडतात, कारण त्यात मजकूर, मथळे आणि दुवे एवढंच आहे. अशी सहा पानं फोटो सोडले तर शंभर केबीच्या आत बसतात. गगनबावड्याकडे रेंज एका कांडीवर असताना हा फरक लगेच कळतो.

दुसऱ्याच्या जागेवर फुकट मिळालेलं किती टिकतं तेही पाहा. गूगलने बिझनेस प्रोफाइलमधून (गूगलवर दिसणारी दुकानाची नोंद) बनवलेल्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. जूनपर्यंत जुन्या पत्त्यावरून माणूस प्रोफाइलकडे वळवला जात होता, पुढे तेही थांबलं.

चप्पल_लाइन

दादा, गूळवाल्या काकांचं वाईट वाटलं. पण आमची गोष्ट बरोबर उलटी आहे, ती ऐका.

२०१७ मध्ये आम्ही एकाकडून कोड लिहून साइट करून घेतली. दिसायला देखणी. कापशी चपलेचा भाव बदलायचा तरी त्याला फोन. नवीन जोडाचा फोटो लावायचा तरी फोन. "करतो ताई, रविवारी करतो." मग त्याला बेंगळुरूला नोकरी लागली. होस्टिंगचा पासवर्ड त्याच्याकडे, डोमेन (साइटचा पत्ता) त्याच्या ईमेलवर. दोन वर्षं आमच्या साइटवर जुने भाव होते आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन स्क्रीन दाखवून भांडायचं. फाइल आमच्या मालकीची होती म्हणता, पण ती उघडायची कशी हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मग ती आमची कशी?

२०२० च्या लॉकडाउनमध्ये दुकान बंद होतं. मी मोबाइल आणि भावाचा जुना लॅपटॉप घेऊन बसले आणि चार रात्रींत बिल्डरवर साइट उभी केली. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने आपल्या कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली आणि सगळीकडे चर्चा पेटली. त्याच रात्री मी साइटवर नवं पान टाकलं. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना, वेणी कशी घालतात, शिवण चामड्याच्या वादीची का असते, हे सगळं फोटोंसकट लिहिलं. अकरा वाजता लिहायला घेतलं आणि एक वाजता पान लोकांसमोर होतं. त्या रात्री मी कुणाला फोन करणार होते?

आणि एक. कोड हाताने लिहिणं हीच वेबची मूळ रीत, असं तुमच्या लिहिण्यातून वाटतं. बर्नर्स-ली यांचा १९९० चा पहिला ब्राउझर एडिटरही होता. ज्या खिडकीत वाचायचं त्याच खिडकीत लिहायचं, दुवाही तिथेच जोडायचा. बघत बघत पान करणं ही पळवाट नाही, सुरुवातच तिथून झालीय.

शिरोली_ओतकाम

मला दोघांचंही अर्धंच पटलं.

आमच्या फाउंड्रीच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा पॅटर्न (ज्यावरून साचा करतात तो नमुना) गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. आम्ही त्यावरून साचा करायचा आणि कास्टिंग ओतून द्यायचं. उद्या आमचं काम पटलं नाही तर तो पॅटर्न उचलून शेजारच्या शेडमध्ये जातो, आम्ही अडवू शकत नाही. पॅटर्न फाउंड्रीच्याच नावावर राहिला तर मात्र गिऱ्हाईक जन्माचं बांधलं गेलं. वेबसाइट घेतानाही मी हेच विचारतो, की पॅटर्न कुणाचा?

विक्स या बिल्डरच्या मदत पानांवर स्पष्ट लिहिलंय की तिथली साइट दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. वेबफ्लो हा दुसरा बिल्डर पैसे भरणाऱ्याला कोड उतरवून देतो, पण त्यातले फॉर्म आणि आत साठवलेल्या नोंदी बाहेर चालत नाहीत. वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून मुक्त आहे, म्हणजे फुकट आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला. आपल्या होस्टिंगवर बसवायचं, सगळी माहिती उतरवून घ्यायची मुभा. २०१८ च्या शेवटी आवृत्ती ५.० आली तेव्हापासून त्यातही ठोकळे रचून पान करता येतं. माझी साइट त्यावर आहे. त्रास आहेच. अपडेट तुंबले की धोका. एकदा वरून बसवलेला पेज बिल्डर काढला तर मजकुराच्या मधेमधे चौकटी कंसातले तुकडे उरले, ते साफ करायला मुलाचा अख्खा रविवार गेला. पण मजकूर हातात होता.

ताई, तुमच्या जुन्या साइटवाल्याने डोमेन स्वतःच्या ईमेलवर ठेवलं, ती चूक कोडची नाही. डोमेन मालकाच्याच नावावर घ्यायचं. त्यात कसलीही भीड नको.

मिरजकर_तिकटी

भावांनो, मी विद्यापीठात शिकतोय. बाहेर कामं मागायला गेलो की पहिला प्रश्न असतो, हे कशात बसवून देणार आणि पुढे कोण बघणार? वेबवाल्या दादांसारखं कोड येणारे आम्ही पोरं लई आहोत, पण पुढं दोन वर्षं बघायला कोण थांबतंय? ताईंचा राग खरा आहे.

अक्षरजुळणी

लक्ष्मीपुरीत वीस वर्षं डीटीपी केलंय, त्यामुळे मला दिसतं ते वेगळंच. बिल्डरची बहुतेक टेम्प्लेट रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. मथळ्याची अक्षरं एकमेकांपासून लांब ठेवायची त्यांना हौस. रोमनमध्ये ते शोभतं, मराठीत शिरोरेषा तुटते. "कोल्हापुरी"ची अक्षरं सुट्या मण्यांसारखी वेगळी पडतात. ओळींतलं अंतर कमी असेल तर वरची वेलांटी कापली जाते, खालचा उकार पुढच्या ओळीवर चढतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पानाची भाषा. टेम्प्लेट इंग्रजी असेल तर आत भाषा इंग्रजी अशीच लिहिलेली राहते. मग स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारा प्रोग्राम) मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे "ल" आणि "श" वेगळे ठेवलेत, तेही दिसत नाहीत, हिंदी वळणाचे दिसतात. कोडमध्ये हा एका शब्दाचा बदल आहे. बिल्डरमध्ये ती खूण कुठे दडलीय ते शोधावं लागतं, कधी सापडतच नाही. म्हणून मी वेबवाल्या दादांच्या बाजूला. मराठी नीट दाखवायची तर थोडं तरी एचटीएमएल यायला हवं.

राजारामपुरी_वेबवाला

ताई, दोन वर्षं जुने भाव ही गोष्ट मनाला लागली. आमच्यातल्या माणसाने तुम्हाला अडवून ठेवलं हे मान्य करतो. यापुढे साइट देताना डोमेन, होस्टिंग आणि फाइली मालकाच्या नावावर लावूनच देईन, आणि भाव कुठे बदलायचा ते तासभर बसून शिकवीन.

तरी मूळ मत सोडत नाही. बिल्डर वापरणाऱ्यानेही आठवड्यातून दोन संध्याकाळी एचटीएमएल शिकावं. मथळा, परिच्छेद, दुवा, चित्र, यादी एवढं आलं तरी निम्मं काम होतं. ब्राउझरमध्ये कुठल्याही पानाचा सोर्स उघडून बघा, भीती जाते. मायक्रोसॉफ्टचं पानं बनवायचं फ्रंटपेज आठवतंय का? आमच्या वयाच्या कित्येकांनी त्यावर पानं केली. त्याची शेवटची आवृत्ती २००३ ची. नुसतं त्याचंच बटण दाबायला शिकलेले अडकले, खालचं एचटीएमएल कळणारे पुढच्या साधनावर सहज गेले.

चप्पल_लाइन

शिकायला माझी ना नाही. पण आधी शिक, मग दुकान मांड, असं म्हटलंत तर आमच्या लाइनीतली निम्मी दुकानं कधीच ऑनलाइन येणार नाहीत. ऑर्डर, पैसे, पिन कोड, बदलून द्यायचे जोड, हे सगळं कोडमध्ये लिहून ते सुरक्षित ठेवणं माझ्यासारखीला झेपायचं नाही. ते काम बिल्डरकडेच राहणार.

अक्षरजुळणी काका, तुमचं वाचून मी लगेच साइट उघडली. "कोल्हापुरी" खरंच तुटलंय. पाच वर्षं रोज बघतेय आणि दिसलं नव्हतं. माझ्या प्लॅनमध्ये कोड टाकायची एक चौकट आहे, आजवर उघडली नव्हती. तिथे काय लिहू?

अक्षरजुळणी

मथळ्यांचं लेटर स्पेसिंग शून्य करा आणि लाइन हाइट दीडपट ठेवा. दोन ओळींचं सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) आहे, खाजगी निरोपात पाठवलंय. पानाची भाषा सेटिंगमध्ये "मराठी" मिळते का तेही बघा.

चप्पल_लाइन

टाकलं. शिरोरेषा जुळली, "शि"ची वेलांटीही पूर्ण दिसतेय. भाषेच्या यादीत हिंदी आहे, मराठी नाही. त्याचं काय करायचं?

राजारामपुरी_वेबवाला

त्यांना लिहून मागणी करा, मीही करतो. तोवर रविवारी दुकानात येतो, लॅपटॉप तयार ठेवा. त्या चौकटीतून भाषा बदलता येते का ते बघू, आणि सगळ्या पानांचा मजकूर आणि फोटो आधी तुमच्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवू.