मदत हवी आहे: मॅचनंतर खेळाडूंना गुण द्यायची नीट पद्धत सुचवा (कोल्हापूर लीग)

पेठेचा_बारावा:
नमस्कार मंडळी. पेठेतल्या आमच्या फुटबॉल संघाच्या समर्थकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. शाहू स्टेडियमवर मॅच झाली की त्याच रात्री प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण द्यायचे आणि पुढच्या मॅचला कोण आत, कोण बाहेर यावर बोलायचं, असा रिवाज आहे. अडचण ही, की गुण खेळाला मिळतच नाहीत, निकालाला मिळतात. जिंकलो की सरसकट आठ, हरलो की सरसकट चार. गोल मारणारा नऊ, मग उरलेला वेळ तो कुठं होता हे कुणी विचारत नाही.

सध्या सगळा राग डाव्या बॅकवर (डावीकडच्या बचावपटूवर) निघतोय. खाल्लेल्या शेवटच्या पाच गोलांपैकी चार त्याच्या बाजूनं आले, म्हणून त्याला बसवा असा सूर आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे मांडता येत नाही.

आपल्याकडे आकडे पुरवणारी कंपनी नाही, रिप्ले नाही. वही, पेन आणि मोबाइल एवढ्यावर काय करता येईल? बॅक, हाफ (मधल्या फळीतला) आणि गोलकीपर यांना कशावर तोलायचं?

हाफलाइन:
आधी एका माणसानं अकरा जणांना गुण देणं बंद करा. पूर्ण नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायात बॉल फार तर दोन-तीन मिनिटं असतो. उरलेल्या वेळात तो कुठं उभा राहिला, कुणाला अडवलं, कुणासाठी जागा मोकळी केली, हे बॉलमागे नजर फिरवणाऱ्याला दिसूच शकत नाही. मॅचला सहा जण जात असाल तर प्रत्येकानं दोघं वाटून घ्या. शक्यतो जोड्या घ्या: दोन्ही सेंटर बॅक (मधले बचावपटू) एकाकडे, डावा बॅक आणि डावा विंगर (कडेनं हल्ला करणारा) दुसऱ्याकडे. बसायचं हाफलाइनसमोर आणि जितकं वर जमेल तितकं. गोलमागे बसलं की फटके छान दिसतात, पण दोन खेळाडूंमधलं अंतर अजिबात कळत नाही.

वहीच्या पानावर पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा आणि चारच खुणा ठेवा. निर्णयही बरोबर आणि जमलाही, तर टिक. निर्णय बरोबर पण पाय चुकला, तर शून्य. निर्णयच चुकला, तर फुली. बॉल नसताना केलेलं उपयोगी काम, तर आडवी रेघ. यापेक्षा जास्त खुणा केल्यात तर लिहिण्यातच मॅच निघून जाते.

शून्य आणि फुली वेगळी ठेवण्याला कारण आहे. कडक मैदानावर बॉल उसळतो, उन्हात पाय जड होतात, जमिनीलगतचा सोपा पासही नडगीला लागून बाहेर जातो. ते सरावानं सुधारतं. पण मोकळा माणूस शेजारी असताना तीस यार्डांवरून फटका मारणं हा निर्णय आहे. तो फटका आत गेला तरी फुली खोडू नका. गोल झाला तेवढं बाजूला लिहा.

सुरुवात प्रत्येकाची सहापासून करा आणि अर्ध्या-अर्ध्यानं वरखाली जा. सहा म्हणजे नेमून दिलेलं काम केलं, त्याहून जास्त नाही, कमी नाही. वीस मिनिटांपेक्षा कमी खेळला त्याला गुणच नाहीत. आणि आकडे ग्रुपवर टाकू नका, एका ॲडमिनला खासगीत पाठवा. पहिला आकडा ग्रुपवर पडला की बाकीचे नकळत त्याच्याभोवतीच फिरतात. एका खेळाडूला एकाहून जास्त जणांनी गुण दिले असतील तर सरासरीऐवजी मधला आकडा घ्या, म्हणजे एखाद्यानं रागात दिलेला दोन सगळा हिशोब बिघडवणार नाही.

काठावरून:
सहाच्या पायाबद्दल सहमत. हूस्कोअर्ड या आकडेवारीच्या वेबसाइटवरही खेळाडू सहापासूनच सुरू होतो. पण वेगवेगळ्या ठिकाणच्या गुणांची तुलना करू नका. फ्रान्सचं लेकिप हे क्रीडा दैनिक गुणांच्या बाबतीत फार कंजूष, आणि जर्मनीच्या किकर या फुटबॉल मासिकात तर एक म्हणजे सर्वोत्तम आणि सहा म्हणजे सर्वांत वाईट.

फॉरवर्डबद्दल थोडं. गोल मोजू नका, फटके कुठून मारले ते मोजा. डीच्या (पेनल्टी बॉक्सच्या) बाहेरून मारलेल्या शंभर फटक्यांपैकी साधारण तीन-चार आत जातात, पेनल्टीतले पंचाहत्तर ते ऐंशी. म्हणजे जो फॉरवर्ड मॅचमध्ये तीनदा सहा यार्डांच्या आसपास पोचला आणि तिन्ही चुकवले, त्याला बसवण्याआधी दहा वेळा विचार करा. तिथं पोचणं हीच अवघड गोष्ट. दोन मॅचमध्ये लांबून दोन गोल मारून बाकी वेळ गायब राहणारा पुढच्या पाच मॅच कोरडा जाण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे लांबच्या फटक्याला अख्खी गॅलरी उठते, म्हणून हे वहीत असलेलं बरं.

तुलना करताना मिनिटं धरा. जे मोजताय त्याला खेळलेल्या मिनिटांनी भागा आणि नव्वदनं गुणा. आणि साडेचारशे मिनिटं, म्हणजे पाच पूर्ण मॅचइतका खेळ होईपर्यंत त्या आकड्यावर कुणाला आत-बाहेर करू नका. बदली उतरणाऱ्याचा आकडा नेहमी फुगलेला दिसतो, कारण त्याच्यासमोर दमलेले बॅक असतात. तोच पोरगा पहिल्या मिनिटापासून खेळवला की आकडा खाली येतो आणि लोक म्हणतात फॉर्म गेला.

दोन_नंबर:
डाव्या बॅकचा निकाल लावण्याआधी चार गोष्टी सांगा. त्याच्या पुढचा विंगर कोणत्या पायाचा, आणि बॉल गेला की मागे येतो का? डावा सेंटर बॅक आणि डावा बॅक यांच्यात किती अंतर पडतं? मधला बचाव सांभाळणारा हाफ डावीकडे सरकतो का? आणि ते चार गोल नेमके कसे झाले, क्रॉसवर (कडेवरून गोलसमोर टाकलेल्या बॉलवर), आत कट मारून, की बॅकच्या मागे टाकलेल्या लांब बॉलवर?

पेठेचा_बारावा:
विंगर उजव्या पायाचा, बाहेरून आणलेला. पुढं जबरदस्त, पण मागे फारसा येत नाही. तशी मोकळीकच दिलेली दिसते. तीन गोल क्रॉसवर, तिन्ही दूरच्या पोस्टवर हेडनं. चौथा लांब बॉलवर. हाफ बहुतेक वेळा मधेच थांबतो. अंतराकडे आमच्यापैकी कुणीच बघितलेलं नाही.

दोन_नंबर:
मग तुमचं उत्तर निम्मं तिथंच आहे. क्रॉस डावीकडून आला, पण हेड दूरच्या पोस्टवर झालं, म्हणजे उजव्या बॅकच्या हद्दीत. बॉल डावीकडे असताना उजव्या बॅकनं आत सरकून सेंटर बॅकला चिकटायचं असतं, आणि शरीर असं तिरकं ठेवायचं की बॉलही दिसेल आणि पाठीमागून येणारा माणूसही. नुसता बॉलकडे तोंड करून उभा राहिला की माणूस त्याच्या खांद्यामागून उडी मारतो. तीन गोल तसे झाले असतील तर ग्रुपवर उजव्या बॅकचं नाव एकदा तरी निघायला हवं होतं.

आता क्रॉस आलाच कसा? विंगर मागे येत नाही, हाफ सरकत नाही, म्हणजे समोरचा विंगर आणि त्याच्यामागून धावत येणारा बॅक असे दोघं तुमच्या एकट्या डाव्या बॅकवर. अशा वेळी पाय घालायचा नाही. दोघांच्या मधे उभं राहायचं, आतली वाट बंद करायची, मागे हटत वेळ काढायचा आणि नाइलाजानं बाहेरचा क्रॉस होऊ द्यायचा. आतून घुसलेला माणूस थेट गोलसमोर जातो, बाहेरचा क्रॉस निदान अडवायला आणखी तीन जण असतात. त्यानं असं केलं असेल तर वहीत टिक हवी, गॅलरीतून कितीही शिव्या पडल्या तरी. त्याची फुली कधी? एकास एक असताना दोन यार्ड लांब उभा राहून क्रॉस मारू दिला, किंवा मदत येत असताना उतावीळपणे पाय टाकला, तर.

गोल खाल्ला की एक शिस्त पाळा: शेवटचा पाय सोडून तीन पास मागे जा. बॉल कुठं गमावला, कुणी, आणि त्या क्षणी आपले किती जण बॉलच्या पुढं होते, एवढं लिहा. लांब बॉलवरचा चौथा गोल असा तपासला तर बहुधा कळेल, की लांब बॉल टाकणाऱ्यावर कुणी धावूनच गेलं नव्हतं. डोकं वर करून बघायला वेळ मिळाला की कोणीही तसा बॉल टाकतो.

निवड माणसाची नसते, बाजूची असते. २०२४ च्या युरोत इंग्लंडच्या डाव्या बाजूचं हेच झालं. नेहमीचा डावा बॅक ल्यूक शॉ तंदुरुस्त नाही, म्हणून उजव्या पायाचा ट्रिपियर डावा बॅक. त्याच्या पुढं फोडन, जो आपोआप आत येणार. डाव्या टचलाइनला (मैदानाच्या कडेला) कुणी उरलंच नाही, ट्रिपियर प्रत्येक बॉल उजव्या पायावर घेऊन आत वळायचा आणि हल्ला तिथंच थांबायचा. लोकांनी गुण कापले फोडनचे, जो त्याच मोसमात प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. तो दोन महिन्यांत खेळ विसरला नव्हता.

तुमच्याकडे डावा बॅक बदलून दुसरा आणलात तरी त्याच्यासमोर दोघंच येणार. त्याआधी हे करून बघायला सांगा: हाफनं बॉलच्या बाजूला दहा-बारा यार्ड सरकायचं. नाही जमलं तर विंगर उजवीकडे न्यायचा आणि डावीकडे मेहनती पोरगा लावायचा. आणि दोन्ही बॅक एकाच वेळी पुढं जायचे नाहीत, एक गेला की दुसरा थांबला.

काठावरून:
यात भर. २०१४ च्या विश्वचषक उपांत्य फेरीआधी अख्खा ब्राझील नेमारच्या दुखापतीबद्दल बोलत होता. पण त्या दिवशी कर्णधार आणि सेंटर बॅक थियागो सिल्वाही नव्हता, दोन पिवळ्या कार्डांमुळे बाहेर. २३ व्या ते २९ व्या मिनिटात जर्मनीनं ब्राझीलवर चार गोल केले आणि ते पडताना बचावाला जागेवर ठेवणारं कुणी नव्हतं. जो खेळाडू नजरेत भरत नाही त्याची किंमत तो नसताना कळते, म्हणून गैरहजर माणसाच्या मॅचची वही जपून ठेवा.

पोस्टखाली:
गोलकीपरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सेव्ह मोजू नका. बाजूला झेप घेऊन काढलेला बॉल दिसायला भारी, पण कीपर आधीच दोन पावलं बरोबर सरकला असता तर तोच बॉल छातीवर आला असता. तीन गोष्टी बघा.

पहिली, फटका बसायच्या क्षणी त्याचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर आहेत का. पाय हलत असताना फटका आला की झेपेला जोर मिळत नाही. दुसरी, अडवलेला बॉल कुठं गेला. बाजूला ढकलला तर ठीक. समोर सहा यार्डांत पडला तर फुली, मग त्यावर गोल होवो न होवो. तिसरी, आपला संघ हल्ल्यात असताना तो गोललाइनवर आहे का डीच्या काठाकडे आलाय. मागे लांब बॉल पडतात तेव्हा निम्मे प्रश्न कीपरनंच सोडवायचे असतात. तुमचा चौथा गोल या नजरेनंही तपासा. जवळच्या पोस्टमधून गोल गेला तर आधी कीपरलाच प्रश्न विचारायचा. पेनल्टीवरचा गोल त्याच्या खात्यात धरू नका.

पेठेचा_बारावा:
खूप उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. रविवारच्या मॅचसाठी जोड्या वाटून घेतो. दोन गोष्टी राहिल्या. मोबाइलवर शूटिंग करायचं तर कसं? आणि आमच्याकडे दोन मुलं अठरा वर्षांखालची आहेत, त्यांना गुण द्यावेत का?

हाफलाइन:
मोबाइल आडवा धरा, रेलिंगला किंवा ट्रायपॉडवर पक्का बांधा आणि झूमला हात लावू नका. बॉलमागे कॅमेरा फिरवला की पुन्हा तेच, बॉल दिसतो आणि बचावाची रांग निघून जाते. अख्खं मैदान मावत नसेल तर आपल्या गोलकडचा अर्धा भाग धरा. तुमचा प्रश्न तिथलाच आहे. हाफटाइमला तुम्हीही बाजू बदला. १०८० पी आणि तीस फ्रेम पुरे. एका हाफला फोनच्या सेटिंगप्रमाणे साधारण तीन ते सहा जीबी लागतील, तेवढी जागा आधी मोकळी करा. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर फोन आला की रेकॉर्डिंग तुटू शकतं. पॉवर बँक लावा आणि उन्हात फोनवर रुमाल टाका, तापला की कॅमेरा बंद पडतो.

अठराखालच्या मुलांचे आकडे ग्रुपवर अजिबात नकोत. वहीतल्या खुणा ठेवा आणि प्रशिक्षकांना हव्या असतील तर कागद हातात द्या. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या वयाच्या पोरांमध्ये निवडणारे बघतात ती बॉल येण्याआधी मान वळवण्याची सवय आणि बॉल गमावल्यावरची पहिली पाच सेकंदं. या दोन गोष्टी मात्र मोजा, कारण त्या शिकवता येतात.

दोन_नंबर:
रविवारी एक माणूस फक्त उजव्या बॅकवर ठेवा. बॉल डाव्या टचलाइनला गेला की दर वेळी एवढंच लिहायचं: आत सरकला का, आणि मान मागे वळवून किती वेळा बघितलं. गोल खाल्ला नाही तरी लिहायचं. पान इथं टाका, मग डाव्या बॅकबद्दल बोलू.