मदत हवी आहे: संथ चाललेल्या अपाची प्रकल्पाचा तिमाही अहवाल कसा लिहावा?

नमस्कार.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या संस्थेतील एका लहान प्रकल्पाचे अध्यक्षपद चार महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले. आधीच्या अध्यक्षांना नोकरीतून वेळ मिळेनासा झाला आणि प्रकल्पाच्या व्यवस्थापन समितीतून दुसरे कोणी पुढे आले नाही, एवढीच माझी पात्रता. ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: फाउंडेशनच्या 9 संचालकांचे मंडळ दरमहा भरते आणि प्रत्येक प्रकल्पाच्या अध्यक्षाने दर तीन महिन्यांनी त्याच्यापुढे अहवाल ठेवायचा असतो. संचालकही स्वयंसेवकच आहेत, आणि प्रत्येक बैठकीआधी त्यांना असे अहवाल गठ्ठ्याने वाचावे लागतात.

माझा पहिला अहवाल मी आकड्यांनी भरला. कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) किती, मेलिंग लिस्टवर पत्रे किती, इश्यू (कळवलेल्या अडचणी व मागण्या) किती उघडले आणि किती मिटले, हे सारे अहवालासाठीच्या साधनाने आयते दिले होते; मी ते तसेच चिकटवले. त्यावर एका संचालकांनी सौम्य शब्दांत विचारले की आकडे दिसले, पण त्यांवरून समितीला काय वाटते? माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता दुसरा अहवाल द्यायचा आहे. आमची लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) एकच काम करते आणि ते बहुतांशी पूर्ण झाले आहे. शेवटचे रिलीज (प्रसिद्ध केलेली आवृत्ती) 14 महिन्यांपूर्वीचे आहे, नवा कमिटर (कोडमध्ये थेट बदल करण्याची मुभा असलेला) येऊन दोन वर्षे उलटली आणि समितीच्या 11 जणांपैकी चौघेच पत्रांना उत्तर देतात. हे जसेच्या तसे लिहिले तर प्रकल्पाची रवानगी ‘ॲटिक’मध्ये, म्हणजे थांबलेल्या प्रकल्पांच्या माळ्यावर, होईल अशी धास्ती वाटते, आणि ‘सर्व काही ठीक’ असे लिहायला मन धजत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

मी काही वर्षे असे अहवाल लिहिले आहेत, त्यावरून सांगतो. कोड किती लिहिला गेला यात मंडळाला फारसा रस नसतो, कारण तांत्रिक निर्णय प्रकल्पाचेच असतात. उद्या सुरक्षेतील त्रुटी कळवली गेली तर तिची दखल घेऊन दुरुस्त आवृत्ती काढायला माणसे आहेत का, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. रिलीजला समितीच्या सदस्यांची किमान तीन होकारार्थी मते लागतात, त्यामुळे तुमच्या अहवालातले सर्वांत मोलाचे वाक्य त्या चौघांविषयीचे आहे. माळ्याची वेळ तिघेही उरले नाहीत म्हणजे येते. काम संथ आहे एवढ्यावरून कोणी प्रकल्प बंद करत नाही.

‘कमिट कमी झाले’ एवढेच लिहू नका. मागण्या संपल्या म्हणून कमी झाले, की पुल रिक्वेस्ट (इतरांनी सुचवलेले कोडमधले बदल) तपासायला कोणी नाही म्हणून, हे लिहा. पहिल्यात काळजीचे कारण नाही, दुसऱ्यात आहे, आणि आलेख दोन्हीकडे सारखाच उतरतो. नवा कमिटर नाही हे सांगताना कोणाचा विचार चालू आहे का तेही सांगावे, मात्र नाव घेऊ नये. मागच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या अहवालात सुरुवातीलाच द्या; ते राहिले की तोच प्रश्न पुन्हा येतो आणि दुसऱ्यांदा त्याचा सूर बदललेला असतो.

प्रतिसाद 2

वरील प्रतिसादाशी सहमत. दोन गोष्टींची भर घालते. मसुदा आधी प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर टाका, कारण अहवाल पाठवतो अध्यक्ष, पण तो असतो समितीचा. दुसरे असे की बैठकीचे इतिवृत्त मंजूर झाल्यावर अहवालासह सार्वजनिक होते. व्यक्तींमधले वाद किंवा जाहीर न झालेली त्रुटी यांचा उल्लेख आवश्यकच असेल तर तो भाग खाजगी म्हणून खूण करून द्यावा. बैठकीच्या आठवडाभर आधी अहवाल पोहोचला तर संचालकांना प्रश्न विचारायला आणि तुम्हाला उत्तर द्यायला सवड मिळते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. मुख्य परिच्छेद असा लिहिला आहे:

‘या तिमाहीत कमिट कमी झाले, कारण नव्या सुविधांच्या मागण्या जवळजवळ थांबल्या आहेत. आलेल्या तीन पुल रिक्वेस्टपैकी दोन स्वीकारल्या. तिसरी तपासणाऱ्याअभावी सहा आठवडे पडून आहे, आणि हीच आमची खरी अडचण आहे. रिलीजवर मत देण्यास समितीचे चार सदस्य उपलब्ध आहेत. मंडळाकडून तूर्त कोणत्याही मदतीची अपेक्षा नाही.’

काल रात्री हा मसुदा लिस्टवर टाकला. सकाळी पाहतो तो वर्षभर गप्प असलेल्या एका सदस्याचे दोन ओळींचे पत्र आले होते: चार नव्हे, पाच लिहा, आणि ती पुल रिक्वेस्ट माझ्याकडे द्या. आकडा दुरुस्त केला आहे.