शाळेच्या नव्या खोल्या: वीट की काच?

खडूफळा (हडपसर):
शाळेला सहा वर्गखोल्या बांधायच्यात. प्लॉट अरुंद, त्यामुळे लांब बाजू पश्चिमेलाच येते. अध्यक्ष म्हणतात, पुढून सगळी काच लावू, भारदस्त दिसेल. तापलंच तर एसी बसवू. विजेचं बिल माझ्या सहीने जातं, म्हणून विचारतोय.

ओळंबा:
अध्यक्षांना विचारा, मुलं शिकवायची आहेत की वाळत घालायची?

शाळेचं एक बरं असतं, ती रात्री रिकामी असते. ९ इंची विटेची भिंत दुपारी तापली, तरी ती आच आत पोचायला सहा-सात तास लागतात. तोवर पोरं घरी जेवत असतात. रात्री हवा खेळती राहिली की भिंत पहाटेपर्यंत निवते. एप्रिलात दिवसा ३८-३९ अंश असले, तरी पुण्यात पहाटे पारा विशीच्या आसपास येतोच. काचेतून मात्र ऊन पडल्या क्षणी आत. म्हणून पश्चिमेला जाड भिंत, खिडक्या कमी आणि त्यांच्या बाहेर ऊन अडवणारी जाळी. नुसत्या छज्जाने भागत नाही, उतरतं ऊन त्याच्या खालून शिरतं.

खरं दुखणं स्लॅबचं. मेच्या मध्याला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, सगळा मार गच्चीवर. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे चिनी मातीच्या फरशांचे तुकडे, घाला. एसीचं नंतर बघू.

कोथरूडकर:
रात्री खिडक्या उघड्या? सकाळी वर्गात पटावर कबुतरंच असतील. शिवाय वळवाचा पाऊस.

ओळंबा:
खिडक्या नाही हो, झडपा. छताजवळ एक, समोरच्या भिंतीत खाली दुसरी, दोन्हींना बाहेरून जाळी आणि वर पावसाळी छज्जा. एकच झडप ठेवून 'वारा येत नाही' म्हणणारे पुष्कळ पाहिलेत.

मृगजळ:
आर्किटेक्चरला आहे. भारदस्तपणाच हवा असेल, तर अध्यक्षांना अहमदाबादच्या सेप्टचे, म्हणजे तिथल्या आर्किटेक्चर कॉलेजचे, फोटो दाखवा. तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा कडक, तरी उघड्या विटा, काँक्रीट आणि उत्तरेचा उजेड. ते बांधणारे बाळकृष्ण दोशी पुण्यातच जन्मले, १९२७ साली. २०१८ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सर्वोच्च मानलं जाणारं पारितोषिक, मिळालं.

खडूफळा:
हे चालेल! पुण्याचा माणूस म्हटलं की ते ऐकतील. काच फक्त उत्तरेला, ऑफिसपुरती, असं पटवतो.

ओळंबा:
तिथेही दीड फूट छज्जा काढाच. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेकडे असतो.