मदत हवी आहे: माटोळीच्या सादरीकरणात कुठेही क्लिक केलं तरी नारळच उघडतो

सत्तरीची टीचर
नमस्कार. तातडीने मदत हवी आहे. चवथीची सुट्टी पडण्याआधी, शुक्रवारी, पालकांसमोर आमच्या वर्गाचं सादरीकरण आहे. पहिल्या स्लाइडवर मुलांनी काढलेली पूर्ण माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-वेली बांधतो ती चौकट. फळावर क्लिक केलं की त्या फळाचं पान उघडायला हवं, तिथे मोठं चित्र, ते काढणाऱ्या मुलाच्या आवाजात माहिती आणि खाली परत माटोळीवर यायचं बटण. सगळं करून झालंय, पण बटणं चालत नाहीत. तोरिंगावर क्लिक करा, चिबडावर करा, नारळच उघडतो. लिंक सगळ्या बरोबर आहेत, तपासल्यात. काय करू?

फोंडा तिस्क
कशात केलंय ते सांगा ना ताई. पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स, कॅनव्हा? लॅपटॉपवर की मोबाइलवर? आणि ‘चालत नाहीत’ म्हणजे बोट येतं का कर्सरच्या जागी?

बोरीपूल
प्रोजेक्टर लावल्यावर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा आणि ‘डुप्लिकेट’ निवडा. एचडीएमआय वायर जोडली की आवाज बऱ्याचदा प्रोजेक्टरकडे वळतो आणि स्पीकर गप्प बसतात. खाली कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आपला स्पीकर निवडायचा. आमच्या वाड्यावरच्या कार्यक्रमात यावरून अर्धा तास गेला होता.

पेडण्याचो
टीचर, हे पॉवरपॉइंटचं काम नव्हेच. स्क्रॅच वापरा. कोडिंगचं सॉफ्टवेअर आहे, एमआयटीने २००७ मध्ये मुलांसाठीच काढलं, फुकट आहे, इंटरनेट नसलं तरी चालतं. प्रत्येक फळ वेगळा स्प्राइट, म्हणजे सुटं चित्र, करायचा, ‘स्प्राइटवर क्लिक झाल्यावर’ हा ठोकळा, त्याखाली पार्श्वभूमी बदला आणि आवाज वाजवा. झालं. आपल्याकडे गोव्यात सरकारच्या केअर्स योजनेत सहावी ते आठवीला कोडिंग आहेच. मुलं स्वतः करतील.

सत्तरीची टीचर
पॉवरपॉइंटच आहे, मला वाटलं ते समजेल. लॅपटॉपवर. माझी मुलं तिसरी-चौथीची आहेत आणि शुक्रवार तोंडावर आहे, आता सगळं पुन्हा नव्याने मांडणार नाही. बोरीपूल, प्रोजेक्टरचं नंतर बघते. मला फक्त बटणांचं सांगा.

पेडण्याचो
तिसरीतली मुलंही स्क्रॅच करतात. माझ्या पुतणीने केलंय.

फोंडा तिस्क
करत असतील हो, पण त्यांनी पॉवरपॉइंटबद्दल विचारलंय. टीचर, चित्रांवर लिंक देण्यापेक्षा ॲक्शन बटण घ्या. इन्सर्ट, मग शेप्स, अगदी तळाला ॲक्शन बटणं असतात. टाकल्याबरोबर खिडकी उघडते, ‘हायपरलिंक टू’मध्ये ‘स्लाइड’ निवडा आणि हवी ती स्लाइड द्या. मी ऑफिसातली सगळी प्रेझेंटेशनं अशीच करतो.

म्हादईकाठ
थांबा जरा. टीचर, दोन गोष्टी सांगा. नारळाची स्लाइड दुसऱ्या क्रमांकावर आहे का? आणि बटण म्हणजे नेमकं काय ठेवलंय? माटोळी एकच चित्र असेल तर फळाफळाला वेगळी लिंक कशी दिलीत?

सत्तरीची टीचर
हो, नारळाची पेंड, म्हणजे घड, दुसरी. तुम्हाला कसं कळलं? माटोळी एकच चित्र आहे, मुलांनी मोठ्या कार्डशीटवर मिळून काढलं, त्याचा फोटो. प्रत्येक फळावर चौकोन ठेवला, तो दिसू नये म्हणून नो फिल, नो आउटलाइन केलं आणि चौकोनाला लिंक दिली. आंबाड्याच्या चौकोनाची आउटलाइन अजून आहे. तिच्या रेघेवर नेमकं क्लिक झालं की आंबाडाच उघडतो. हे कसं?

म्हादईकाठ
मग सापडलं. तुमच्या लिंक बरोबरच आहेत, क्लिक त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये. पॉवरपॉइंटमध्ये नो फिल केलेल्या आकाराला आतलं अंगच नसतं. फक्त रेघ असते, आणि रेघही काढली तर क्लिक करायला काहीच उरत नाही. क्लिक थेट मागच्या स्लाइडवर पडतं आणि स्लाइडवर क्लिक झालं की पुढची स्लाइड येते. पुढची म्हणजे नारळ. नो फिल ही काच नसलेली खिडकी आहे, तुम्हाला काच असलेली हवी.

असं करा. चौकोनावर उजवं क्लिक, फॉरमॅट शेप, फिलमध्ये ‘सॉलिड फिल’ घ्या, रंग कुठलाही, आणि खालची ट्रान्सपरन्सी १०० टक्क्यांवर न्या. दिसणार नाही, पण क्लिक धरेल. एक नीट करून घ्या आणि फॉरमॅट पेंटरने बाकीच्यांना तेच रूप द्या, लिंक जागच्या जागी राहतात.

माटोळीत फळं दाटीने असतात, चौकोन एकमेकांवर चढतील. वरचा चौकोन क्लिक खातो. म्हणून शेप्समधला ‘फ्रीफॉर्म’ घेऊन फळाच्या कडेकडेने ठिपके देत गेलात आणि पहिल्या ठिपक्यावर येऊन बंद केलंत, तर फळाच्याच आकाराचं बटण होतं. नारळाच्या पेंडीला आणि सुपारीच्या शिंपट्याला, म्हणजे घोसाला, तरी तसं करा.

साळावली
हे सगळं लिबरऑफिस इम्प्रेसमध्येही होतं आणि पैसे पडत नाहीत. आकारावर उजवं क्लिक करून ‘इंटरॅक्शन’ निवडायचं, ‘गो टू पेज ऑर ऑब्जेक्ट’, की झालं. सरकारी शाळांनी परवान्याच्या सॉफ्टवेअरवर मुलांना वाढवू नये असं माझं ठाम मत आहे. एकदा सवय लागली की आयुष्यभर पैसे भरत बसतात.

फोंडा तिस्क
मत चांगलं आहे, पण तयार पीपीटीएक्स फाइल इम्प्रेसमध्ये उघडली तर ॲनिमेशनं आणि फाँट हलतात. शुक्रवारच्या आधी तो प्रयोग नको.

साळावली
प्रयोग कधीतरी करायलाच हवा ना. दरवेळी शुक्रवार असतोच.

निवृत्त मास्तर
माझं थोडं वेगळं. स्क्रीनवर माटोळी दाखवण्यापेक्षा मुलांना माटोळी बांधायला न्या. आमच्या वेळी आठवडाभर आधी रानात जाऊन कांगलां, घागऱ्यो अशी रानफळं आणायची. कुठली वेल कुठल्या दरडीवर आहे ते पोरांना पाठ असायचं. आता बाजारातून जुडी आणतात आणि काही ठिकाणी तर प्लास्टिकची फळं बांधलेली पाहिली. जीव तुटतो.

म्हादईकाठ
मास्तर, बाजारातल्या जुडीमागेही रानच आहे. फळाचा घोस खुडायच्या ऐवजी अख्खी वेल ओढून आणतात, मग पुढच्या वर्षी त्या दरडीवर काही नसतं. मुलांनी माहिती सांगताना ‘घोस तेवढा घ्यावा, वेल राखावी’ एवढं वाक्य प्रत्येक रानफळाला जोडलं तर पालकांच्या कानावर जाईल.

पेडण्याचो
कला आणि संस्कृती खात्याच्या माटोळी स्पर्धेत लोक शेकडो जिन्नस मांडतात. तिथेही हे बोलायला हवं.

निवृत्त मास्तर
हे पटलं. टीचर, तुमच्या माटोळीत रानातली किती आणि परसातली किती?

सत्तरीची टीचर
मास्तर, कांगलां आणि घागऱ्यो मुलांनी पावसात जाऊन बघून काढलीत, पुस्तकातून नव्हे. त्यासाठीच तर हा खटाटोप. म्हादईकाठ, वेल राखायचं वाक्य घेते.

आणि बटणं चालली! ट्रान्सपरन्सी १०० करून सगळी फळं आपापल्या पानावर जातात. देव बरें करूं. पण आता शाळेच्या कॉम्प्युटरवर लावलं तर आवाजच नाही. घरी माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित येतो. स्पीकर चालू आहे, दुसरी गाणी वाजतात.

बोरीपूल
मी म्हटलं होतं, एचडीएमआय.

सत्तरीची टीचर
प्रोजेक्टर अजून जोडलेलाच नाही.

फोंडा तिस्क
आवाज फाइलमध्ये भरलाय की फक्त लिंक केलाय? इन्सर्ट करताना बटणाशेजारच्या बाणात ‘लिंक टू फाइल’ असतं. ते निवडलं असेल तर आवाज तुमच्या लॅपटॉपवरच राहिला.

सत्तरीची टीचर
साधं इन्सर्ट केलंय. फाइल बरीच मोठी झालीय, म्हणजे आत असणार.

म्हादईकाठ
शाळेत कुठलं ऑफिस आहे, आणि आवाजाच्या फाइलींचं शेवटचं नाव काय? एमपी३, एम४ए, आणखी काही?

सत्तरीची टीचर
शाळेत २०१० आहे, माझ्याकडे नवीन. पालकांनी मोबाइलच्या रेकॉर्डरवर घेऊन पाठवले. बघितलं, सगळे एम४ए.

म्हादईकाठ
तिथेच आहे. एम४ए २०१३ पासून सरळ वाजतं, २०१० ला त्यासाठी वेगळा क्विकटाइम लागतो. तो बसवत बसू नका. व्हीएलसी प्लेअर असेल तर मीडियात ‘कन्व्हर्ट / सेव्ह’, फाइली जोडा, प्रोफाइलमध्ये एमपी३ निवडा. मग जुने आवाज काढून हे घाला, प्लेबॅकमध्ये ‘स्टार्ट: ऑटोमॅटिकली’ आणि ‘हाइड ड्युरिंग शो’. ‘प्ले अक्रॉस स्लाइड्स’ला हात लावू नका, नाहीतर एका मुलाचा आवाज दुसऱ्याच्या पानावर चालू राहील. ॲक्शन सेटिंग्जमधल्या ‘प्ले साउंड’च्या वाटेला जाऊ नका, ते फक्त वेव्ह फाइल घेतं.

आणखी एक, हे विचारलं नाहीत पण पालकांची मुलं पुढे येऊन क्लिक करणार असतील तर लागेल. स्लाइड शो, सेट अप स्लाइड शो, ‘ब्राउज्ड ॲट अ किऑस्क’. मग बटणाबाहेर कितीही क्लिक केलं तरी स्लाइड हलत नाही, कीबोर्डचे बाण चालत नाहीत. बाहेर पडायला एस्केप. मात्र प्रत्येक पानावर परतीचं बटण आहे ना ते आधी पाहा, नाहीतर मूल तिथेच अडकेल.

गावठी तंत्र
माझाही एक प्रश्न आहे. जुन्या प्रेझेंटेशनमध्ये श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये मजकूर आहे, नव्या मशीनवर इंग्रजी अक्षरं दिसतात. काय करावं?

फोंडा तिस्क
वेगळा धागा काढा भाऊ, इथे हरवेल. थोडक्यात, युनिकोडमध्ये बदलून घ्या.

सत्तरीची टीचर
एमपी३ केले, शाळेत वाजले. सगळ्या मुलांना ऐकवले. स्वतःचा आवाज आला की उठून उभी राहतात.

शेवटचं विचारते. परतीचं बटण एका मुलीने काढलेला उंदीर आहे. तो प्रत्येक पानावर वेगळा चिकटवलाय, कुठे वर कुठे खाली दिसतो. एका जागी कसा येईल?

म्हादईकाठ
व्ह्यूमध्ये स्लाइड मास्टर. फळांच्या पानांचा जो लेआउट आहे त्यावर उंदराचं चित्र एकदाच ठेवा, त्याला लिंक ‘फर्स्ट स्लाइड’. सुटे उंदीर काढून टाका. माटोळीच्या स्लाइडला दुसरा लेआउट द्या म्हणजे तिथे उंदीर येणार नाही. ‘लास्ट स्लाइड व्ह्यूड’ (आधी पाहिलेली स्लाइड) देऊ नका, एखाद्या पानावर मूल दुसरीकडून आलं तर माटोळीवर परतणार नाही.

पेडण्याचो
टीचर, कार्यक्रम झाल्यावर ही फाइल आमच्या पेडण्याच्या शाळेला मिळेल का? स्क्रॅचचा आग्रह सोडला.

सत्तरीची टीचर
मुलांचे आवाज आणि नावं आहेत, ती पालकांना विचारल्याशिवाय देणार नाही. चित्रं आणि बटणं असलेली, आवाज काढलेली फाइल व्यनिने पाठवते. तुमच्याकडे माटोळीला जे वेगळं बांधतात त्याची पानं मुलांकडून काढून घ्या, लेआउट तोच ठेवला की उंदीर आपोआप येईल.