घरगुती कारखान्यातली रबरी खेळणी

'घरगुती कारखान्याचा माल कधी एकसारखा निघत नाही,' असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझ्या मावशीच्या घरचे कुत्र्यांसाठी रबरी खेळणी बनवतात. तिथे रबर पक्कं करणारं गंधक काकाच तोलतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. नैसर्गिक रबर प्रेसमध्ये साधारण १५० अंशांवर शिजतं. कमी शिजलं तर चिकट राहतं, जास्त शिजलं तर त्याची ताकद उतरते आणि दाताखाली तुकडे पडतात. ते तुकडे कुत्र्याच्या आतड्यात अडकले तर थेट ऑपरेशनच! कडकपणाही लगेच मोजत नाहीत, नग किमान १६ तास ठेवून मगच मीटर लावतात. साच्याच्या जोडावर उरलेली पातळ कड मावशी स्वतः कातरते, कारण कुत्रं पहिला दात तिथेच लावतं. (हे काम मशीनवर टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.)

दोरीच्या खेळण्यांचं मात्र वेगळं आहे. सूत इचलकरंजीचं असो वा कुठलंही, धागे सुटायला लागले की खेळणं काढून घ्यायचं. आणि रबर घेताना नख दाबून बघा. जरासुद्धा रुतलं नाही, तर ते दातांसाठी फार कडक आहे.