मदत हवी आहे : आईला डायव्हर्टिक्युलायटिस झाला होता, आता ती खायलाच घाबरते

आई ६४ वर्षांची आहे. महिन्यापूर्वी ओटीपोटात डावीकडे दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून दोन दिवस अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि पोटाला हातसुद्धा लावू देईना. सीटी स्कॅनमध्ये कळलं की मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणात, सिग्मॉइडमध्ये, बऱ्याच लहान पिशव्या आहेत आणि त्यातली एक सुजली आहे, यालाच डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. गळू नाही, आतडं फुटलेलं नाही. सलाईन आणि अँटिबायोटिकवर बरं वाटलं, चौथ्या दिवशी घरी आलो.

खरा त्रास आता सुरू झालाय. कागदावर फक्त 'हलका आहार' लिहिलंय. किती दिवस, ते नाही. कुणीतरी तिला सांगितलं की बी पिशवीत अडकते आणि पुन्हा सूज येते. तेव्हापासून ती टोमॅटोच्या बिया चमच्याने काढते, फळं बंद, कडधान्यं बंद. वजन उतरलंय आणि आता पोटही साफ होत नाही. रात्री जरा कळ आली की उठून पोट दाबून बघते. तिला असं बघवत नाही.

बियांचं खरं आहे का? चोथ्याचं खाणं पुन्हा कसं सुरू करायचं? साधी कळ कुठली आणि धावायचं कधी? डॉक्टरांनी काही आठवड्यांनी कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासणं) सांगितली आहे, पण आई म्हणते, दुखणं गेलं, मग नळी कशाला. (बाकी तिला रक्तदाब आहे आणि गुडघ्यांसाठी एक गोळी घेते, एवढंच.)

प्रतिसाद : निळाई

मला हे नऊ वर्षांपासून आहे, दोनदा सूज येऊन गेली. आईंना आधी हे सांगा की पिशव्या असणं आणि पिशवी सुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतड्याच्या भिंतीत जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात तिथे स्नायू कमकुवत असतो, तिथून आतलं अस्तर बाहेर फुगतं. वयाबरोबर हे खूप जणांना होतं आणि बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही.

बियांची भीती मीही बरीच वर्षं बाळगली. पण २००८ साली अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १८ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांना धोका वाढलेला दिसला नाही. चमचा ठेवून द्यायला सांगा.

चोथा मात्र एकदम वाढवू नका, गॅसने पोट फुगतं आणि त्या पुन्हा घाबरतील. मी आधी शिजवलेली भाजी आणि सालाशिवाय फळं घेतली, मग डाळी, मग साल. दर थोड्या दिवसांनी एकच नवीन गोष्ट. इसबगोल घेणार असतील तर पाणी भरपूर, नाहीतर उलट घट्ट होतं. चालणंही सोडू नका.

प्रतिसाद : कवडसा

मी परिचारिका आहे, पण आईंना तपासलेलं नाही, तेव्हा हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

गुडघ्यांची गोळी कुठली? कंसात लिहिलंत, पण माझं लक्ष तिथेच गेलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्यांनी पुन्हा सूज येण्याचा, आतड्याला छिद्र पडण्याचा आणि पिशवीतून रक्त जाण्याचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालेल का, हे आजच विचारा.

शौचानंतर थांबणारी, जागा बदलणारी कळ बहुधा साधी असते. एकाच जागी टिकून वाढत जाणारं दुखणं, सोबत ताप किंवा उलट्या असतील तर त्याच दिवशी दाखवा. पोट लाकडासारखं कडक झालं किंवा शौचातून बरंच रक्त गेलं तर थेट इमर्जन्सी, मग दुखत नसलं तरी. पिशवीतला रक्तस्राव बरेचदा न दुखताच होतो. लघवीतून हवेचे बुडबुडे आले तरी कळवा, आतडं आणि मूत्राशय जोडले गेल्याची ती खूण असू शकते.

कोलोनोस्कोपी टाळू नका. सीटीमध्ये सुजलेलं आतडं आणि कर्करोग कधीकधी सारखेच दिसतात. सूज ओसरावी म्हणून साधारण सहा ते आठ आठवडे थांबतात, कारण सुजलेल्या आतड्यात नळी घालणं धोक्याचं.

धागाकर्ती

कवडसा, गोळी आयबुप्रोफेनच निघाली! रोज दोन, कित्येक महिने. कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच बंद करून पॅरासिटामॉल दिली.

निळाई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावला, आणि रात्री टोमॅटो बियांसकट खाल्ला. सकाळी मला उठवून सांगितलं, काही झालं नाही म्हणून.

कोलोनोस्कोपीची तारीख घेतली आहे. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते औषध तिला पिववेल का, याचीच आता काळजी आहे. ज्यांच्या घरी वयस्कर माणसाने ते प्यायलंय, त्यांनी कसं जमवलं ते कृपया लिहा.