भाडेकरूने जिल्हा न्यायालयात अपील केले आहे. घरमालकाने काय करावे?

पेठकर: पुण्यातील आमच्या वाड्याचा तळमजल्यावरचा गाळा आजोबांच्या काळापासून भाड्याने दिलेला असून त्याचे भाडे दरमहा ४२० रुपये आहे. मुलाला फिजिओथेरपीचा दवाखाना काढायचा असल्याने प्रामाणिक गरजेच्या कारणावरून आम्ही दावा लावला आणि लघुवाद न्यायालयाने ताब्याचा हुकूम आमच्या बाजूने दिला. आता भाडेकरूने जिल्हा न्यायालयात अपील केले असून स्थगिती अर्जाची नक्कल आम्हाला मिळाली आहे. अपीलामुळे हुकूम आपोआप थांबतो का? मधल्या काळात मुलाने कोथरूडला भाड्याची जागा घेतली. त्यामुळे आमची गरज संपली असे न्यायालय म्हणेल का?

वकील_नगरवाला: केवळ अपील दाखल झाल्याने हुकूमनामा थांबत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१, नियम ५ याबाबत स्पष्ट आहे. स्थगिती मिळेपर्यंत तुम्ही ताब्याची दरखास्त (हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करू शकता. स्थगिती बहुधा मिळतेच, म्हणून खरा भर तिच्या अटींवर द्यावा, म्हणजे स्थगितीच्या काळात भाडेकरूने जुन्या भाड्याऐवजी बाजारभावाने भरपाई भरावी, अशी मागणी करावी. आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात दिल्लीतील जागेचे भाडे ३७१ रुपये ९० पैसे होते, तरी अपीलाच्या काळासाठी दरमहा १५,००० रुपये भरण्याची घातलेली अट सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये कायम केली. पुढे २००९ साली मुंबईतील एका प्रकरणातही तेच तत्त्व लावले गेले आणि तेथे भाडेकरू खुद्द राज्य सरकार होते!

गरजेबाबत फार काळजी नसावी. गयाप्रसाद प्रकरणात (२००१) दवाखान्यासाठी जागा मागितलेला मुलगा दाव्याच्या काळात सरकारी नोकरीत गेला होता, तरीही दावा दाखल झाल्या दिवशीची गरज निर्णायक मानली गेली. कोथरूडची जागा भाड्याचीच आहे, ही बाब मात्र प्रतिज्ञापत्रावर स्वतःहून मांडावी. विरुद्ध पक्षाने ती उघड केली तर उगाच संशय येतो.

पेठकर: या महिन्याचे भाडे त्यांनी मनीऑर्डरने पाठवले आहे. घ्यावे का?

वकील_नगरवाला: घ्यावे, परंतु ही रक्कम भाडे म्हणून नव्हे, तर हुकुमानंतरच्या वापराची भरपाई म्हणून, आपल्या हक्कांना बाधा न येता स्वीकारत असल्याचे त्यांना लेखी कळवावे.

वाडामालक_नाशिक: आमच्या अपीलात बाजारभाव तोंडी सांगून काहीच साधले नाही. नंतर त्याच गल्लीतील तीन दुकानांचे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि मूल्यांककाचा अहवाल जोडला, तेव्हा कुठे भरपाई ठरली. गाळा तिसऱ्याच्या ताब्यात देणार नाही, असे हमीपत्रही मागून घ्या. आम्ही ते विसरलो आणि निकाल लागला तेव्हा आत भाडेकरूचा मेव्हणा बसलेला होता.